सड्यावरचा गेंडा: कोकणात कधी गेंडे होते का?

सड्यावरचा पाहुणा: मे महिन्यात गावी रत्नागिरीला गेलेलो, काकांनी मला नि भाच्याला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, कातळशिल्पं (कातळात कोरलेली जुनी चित्रं) दाखवायला नेलं. एक जनावर बघून मी ठोकून दिलं, रानडुक्कर! काका म्हणाले नीट बघ, नाकावर शिंग आहे, गेंडा तो. झालं, तेव्हापासून भाचा डोकं खातोय, मामा गेंडे आसामात असतात ना, मग इथे कुणी कोरला? कुणाला माहीत असेल तर सांगा, व्हॉट्सॲपवालं ज्ञान नको.

खाडीकाठ: काका बरोबर आहेत, कातळशिल्पांत गेंडा आहे. आणि पूर्वी तो फक्त आसामात नव्हता हो. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर आहे, गुजरातेत लांघणजच्या उत्खननात गेंड्याच्या खांद्याचं हाड मिळालंय, बाबराने तर पेशावरकडे शिकार केल्याचं लिहून ठेवलंय. आपल्याकडे हाडं सापडणं मुश्कील, जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात हाड टिकत नाही. माझं म्हणाल तर बघितल्याशिवाय कोण एवढा कातळ फोडत बसेल? मग इथे बघितला असेल नाहीतर घाटापलीकडे.

हापूस नको रायवळ दे: पुरावा हवा तर १५१५ सालचा घ्या, गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा पोर्तुगीजांनी गोव्याहून जहाजात घालून लिस्बनला पाठवलेला 😄

भटकी ताई: मी आसामात काझीरंगाच्या जंगलात जाऊन आलेय, जीपपासून वीसेक पावलांवर उभा होता, कातडीच्या घड्या अगदी चिलखतासारख्या आणि त्यावर वाळलेला चिखल. मला वाटायचं शिंगाने मारामारी करत असेल, पण नाही, खालचे दात सुळ्यासारखे असतात त्यांनी फाडतो. आणि शेण टाकायची जागा ठरलेली, सगळे त्याच ढिगावर येतात, कोण येऊन गेलं ते वासावरून कळतं. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखात असतं तेच, त्याच्यापायी जीव घेतात! आसामने सप्टेंबर २०२१ मध्ये २४७९ शिंगं जाळली ती म्हणूनच. २०२२ च्या मोजणीत काझीरंगात २६१३ गेंडे, पण एवढे एकाच ठिकाणी म्हणजे पूर आला किंवा साथ आली की संपलं, म्हणून काही आसामातल्याच मानसच्या जंगलात नेऊन सोडले. मादी सोळा महिने गाभण राहते नि मग एकच पिल्लू होतं, गेलेला आकडा भरून यायला वेळ लागतो.

सड्यावरचा पाहुणा: धन्यवाद मंडळी, भाच्याला सगळं वाचून दाखवलं. आता म्हणतो परत सड्यावर चल, शेणाचा ढीगपण कोरलाय का बघू.