सी ड्राइव्ह वाढवण्यासाठी डी ड्राइव्ह सरकवावा का? मदत हवी आहे

नमस्कार. सोलापुरातील आमच्या टॉवेलच्या यंत्रमाग कारखान्यात हिशेबाच्या संगणकाचा १०० जीबीचा सी ड्राइव्ह पूर्ण भरला आहे. डी लहान करून ८० जीबी मोकळे केले. परंतु ही जागा डीच्या पलीकडे निघाल्यामुळे, आणि विंडोजचे डिस्क मॅनेजमेंट सीला लगतचीच जागा जोडू शकत असल्यामुळे, ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ हा पर्याय निष्क्रिय दिसतो.

जीपार्टेड या डिस्कचे भाग (पार्टिशन) बदलणाऱ्या प्रोग्रामने डी उजवीकडे सरकवता येईल, मात्र त्यात सगळा डेटा प्रत्यक्ष हलवला जातो, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही (यूपीएस जेमतेम २० मिनिटे टिकतो). बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घेतलेला असल्याने डी सरकवण्याऐवजी तो पुसून नव्याने तयार करणे अधिक सुरक्षित ठरेल का? शिवाय सी आणि डी यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला डिस्कचा भाग) आहे. त्याचे काय करावे, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.