कॉलेजच्या बातमीपत्रात 'स्टाफ' नावाचे सर कुठे आहेत?

कडूलिंब

मुलगी अकरावीत आहे. हायस्कूल सांभाळून इथल्या (कॅलिफोर्निया) कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, स्टॅटिस्टिक्सचा एक कोर्स करते. हायस्कूलच्या मुलांना असा अर्धवेळ कोर्स करताना फी सहसा माफ असते, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. तर त्या निमित्ताने कॉलेजचं मासिक बातमीपत्र माझ्या ईमेलवर येतं, आणि मला हाती आलेलं काहीही शेवटपर्यंत वाचायची खोड आहे.

परवाचा अंक वाचला. निम्म्याहून जास्त जागा आगामी कार्यक्रमांना. ट्रान्सफर (इथून पुढे विद्यापीठात जाण्याचा) मेळावा, नोकरी मेळावा, नाटकाचे प्रयोग, नर्सिंगच्या मुलांचा बिल्ला लावण्याचा सोहळा, माजी विद्यार्थ्यांचं जेवण. मग 'आमची माणसं' हे सदर. नव्या डीनबाई आल्या, तिघे निवृत्त झाले, चौघांना टेन्युअर (कायम नोकरी) मिळाली. फोटो, हारतुरे, सगळं यथास्थित.

मी मुलीच्या सरांचं नाव शोधत होतो. नव्हतं. नाव नोंदवताना वेळापत्रकात शिक्षकाच्या रकान्यातही ते नव्हतंच, तिथे फक्त 'स्टाफ' असं लिहिलेलं होतं. सत्र सुरू व्हायच्या चार दिवस आधी नाव उमटलं. सर उत्तम शिकवतात, पोरीला पहिल्यांदा गणित आवडायला लागलंय. पण ते अर्धवेळ आहेत, शेजारच्या दोन डिस्ट्रिक्टांतही (कॉलेजं चालवणाऱ्या स्थानिक संस्थांत) शिकवतात.

डोकी मोजली तर राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांचे बहुसंख्य शिक्षक असे अर्धवेळच आहेत. १९८८ च्या कायद्याने पूर्णवेळ शिक्षकांनी ७५ टक्के अध्यापन करावं असं उद्दिष्ट ठेवलं होतं. राज्यभरात ते अजून गाठलेलं नाही. मग 'आमची माणसं' म्हणजे नक्की कोणाची? माझं म्हणणं सरळ आहे. सोहळ्यांची जागा निम्मी करा आणि दर सत्रात शिकवणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापा. पटतंय का?

चिंचोका

'स्टाफ' सर मलाही होते. एकाच सत्रात गणित, इतिहास आणि पोहणं शिकवायचे. हुशार माणूस.

तिरकी रेघ

मी एका कम्युनिटी कॉलेजच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे विरोधी बाजू माझ्याकडे आली असं समजा.

कडूलिंब, तुम्हाला सोहळे दिसतात, त्यामागचा हिशेब दिसत नाही. राज्याकडून येणारा बराचसा पैसा विद्यार्थिसंख्येवर ठरतो. ५२५ तासांचं शिक्षण म्हणजे एक पूर्णवेळ विद्यार्थी, असं ते गणित. सत्राचा साधारण पाचवा हिस्सा सरला की पट मोजायचा दिवस येतो, त्या दिवशी वर्गात जे आहेत ते धरायचे. त्यामुळे लोक दारात यावेत म्हणून मेळावे भरवायचे की नाही हा आमच्यासाठी हौसेचा प्रश्न नसतो. वर्ग भरला नाही तर तो रद्द होतो, आणि रद्द झाला की पहिला फटका तुमच्या त्या सरांनाच.

दुसरं, 'सोहळ्यांचा पैसा शिक्षकांना द्या' हे ऐकून ऐकून कान किटले. विद्यार्थी मंडळांचे कार्यक्रम विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून होतात. व्यावसायिक अभ्यासक्रमांचा निधी त्याच कामाला वापरावा लागतो. उलट कायदाच असा आहे (१९६१ पासून) की डिस्ट्रिक्टच्या चालू शैक्षणिक खर्चापैकी किमान निम्मा वर्गातल्या शिक्षकांच्या पगार-भत्त्यांवर व्हायला हवा. आणि गंमत बघा, समुपदेशक आणि ग्रंथपाल त्या निम्म्यात धरत नाहीत! म्हणजे मुलांना योग्य कोर्स निवडून देणारी बाई कायद्याच्या लेखी 'इतर खर्च'. तिच्यासाठी कोणी धागा काढत नाही.

नावं उशिरा का येतात? कारण तोवर वर्ग टिकेल की नाही हेच ठरलेलं नसतं. यात डाव कसला?

जुना वेंधळा

तिरकी रेघ यांना अनुमोदन. कार्यक्रमांची यादी कापा असं म्हणणाऱ्यांनी आमच्या घरची कथा ऐका.

मुलगा दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाणार होता. हमखास प्रवेशाची 'टॅग' नावाची सोय आहे, तिचा अर्ज फक्त १ ते ३० सप्टेंबर या काळात भरता येतो आणि तोही एकाच कॅम्पससाठी. आमचे चिरंजीव बर्कलीसाठी टॅग भरायला निघाले होते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो टॅग देतच नाहीत! डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ एवढेच सहा देतात. हे मला कुठे कळलं? बातमीपत्रातल्या बारीक अक्षरातल्या एका ओळीमुळे. 'ट्रान्सफर कार्यशाळा, संध्याकाळी ५, ग्रंथालय.' गेलो, चूक कळली, डेव्हिसचा अर्ज भरला, आता तिथेच शिकतोय.

नर्सिंगचा सोहळा गाळा, हरकत नाही. (आमची भाची नर्स आहे, ती मला मारेल.) पण तारखा गाळू नका.

कडूलिंब

वेंधळा, तारखा गाळा असं मी कुठे म्हटलं? उलट तुमची कथा माझ्याच बाजूची आहे. कामाची ओळ बारीक अक्षरात आणि डीनबाईंचा फोटो पाव पान. तुमच्या मुलाचं वर्ष वाचवणारी ओळ मोठी हवी होती.

आणि तिरकी रेघ, समुपदेशकांचं मला खरंच माहीत नव्हतं. त्यांची नावंही छापा की मग.

बोरूबहाद्दर

सगळे चुकीच्या ठिकाणी बघताय. बातमीपत्र हा जनसंपर्क विभागाचा कागद, तो गोडच असणार. कर्मचाऱ्यांच्या खऱ्या बातम्या विश्वस्त मंडळाच्या बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत असतात. विश्वस्त लोकांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांना सार्वजनिक मंडळांच्या बैठका खुल्या ठेवणारा ब्राउन कायदा (१९५३) लागू आहे, त्यामुळे नियमित बैठकीची पत्रिका ७२ तास आधी जाहीर करावीच लागते. नेमणुका, राजीनामे, निवृत्ती, पदं रद्द करणं, सगळं तिथे येतं. बहुतेक वेळा चर्चेविना एकगठ्ठा मंजूर व्हायच्या विषयांत, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. बोलायचं असेल तर नागरिकांसाठी वेळ राखलेली असते, दोन-तीन मिनिटं मिळतात.

मी वर्षभर ती पत्रिका वाचतोय. बातमीपत्रात 'दीर्घ सेवेनंतर निवृत्त' एवढंच येतं. ती जागा पुन्हा भरणार की गोठवणार, हे पत्रिकेत कळतं. खरी बातमी ती.

सांडगी मिरची

वाचत होते, गप्प बसणार होते. मी त्या 'स्टाफ' पैकीच एक. इंग्रजी लेखन शिकवते, बारा वर्षं झाली.

कडूलिंब, तुमची भावना पोचली. पण खरं सांगू का, मला बातमीपत्रात नाव नको. माझ्या एका कॉलेजने मागे हा प्रयोग केला होता. अर्धवेळ शिक्षकांचा आठवडा! सगळ्यांची नावं छापली, डोनट ठेवले, मग सहकाऱ्यांकडून 'अगं तुझं नाव आलं' असे निरोप. त्याच सत्रात एका पूर्णवेळ प्राध्यापकाचा वर्ग भरला नाही, म्हणून माझा भरलेला वर्ग त्यांना देण्यात आला. नियमानुसारच. नावाचा कागद माझ्या डिकीत आहे अजून, कारण माझं ऑफिस डिकीतच आहे.

लोकांना वाटतं की जास्त तास मागून घ्यावेत. एका डिस्ट्रिक्टमध्ये अर्धवेळ शिक्षकाला पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही. म्हणजे पूर्णवेळ जर १५ युनिट (क्रेडिट) धरलं तर मला फार तर १०. पोट भरायला दुसरी डिस्ट्रिक्ट गाठायची. दोन्हीकडचं मिळून पूर्णवेळाहून जास्त शिकवते आणि कागदोपत्री दोन्हीकडे अर्धवेळ. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर राबणारे आमचे मित्र हे वाचून हसतील, त्यांना काही नवीन नाही यात.

मला काय हवंय ते सांगते. वर्गाबाहेर मुलांना भेटायच्या वेळेचा पगार. निबंध तपासायच्या वेळेचं तर बोलतच नाही. आणि आरोग्यविमा. २०२२ च्या अर्थसंकल्पात राज्याने अर्धवेळ शिक्षकांच्या विम्यासाठी वर्षाला २० कोटी डॉलर ठेवले. पण डिस्ट्रिक्टने आधी संघटनेशी तसा करार करायचा, मग ते पैसे मागायचे. माझ्या एका डिस्ट्रिक्टने केला, दुसरीने अजून नाही. ही बातमी कुठल्या सदरात येते, 'आमची माणसं' की आगामी कार्यक्रम?

चिंचोका

मिरचीताई, वरचा विनोद मागे घेतो.

तिरकी रेघ

सांडगी मिरची, वर्ग काढून घेण्याबद्दल मी काही बचाव करणार नाही. तो फोन करायचं काम दोनदा माझ्याकडे आलंय.

पण एक मुद्दा सोडत नाही. पूर्णवेळ पद भरणं म्हणजे चार वर्षं परिवीक्षा आणि पुढे कदाचित तीस वर्षांची बांधिलकी. पट दर सत्राला वरखाली होतो. राज्यातल्या रहिवासी विद्यार्थ्याची फी २०१२ पासून युनिटला ४६ डॉलरवर थांबली आहे आणि ती आम्ही ठरवत नाही, विधिमंडळ ठरवतं. अशात प्रशासक हात आखडता घेतो. तुम्हाला तो खलनायक वाटेल, मला तो घाबरलेला माणूस दिसतो.

सांडगी मिरची

घाबरलेला असेलही. पण पटातल्या चढउतारांचा सगळा धोका अर्धवेळांच्या खांद्यावर आणि विमा मात्र घाबरलेल्या माणसाला, हा न्याय मला समजत नाही. बाकी तुम्ही फोन करून सांगितलंत हेच पुष्कळ. मला ईमेल आली होती.

जुना वेंधळा

एक भाबडा प्रश्न. असे पळते शिक्षक असतील तर मुलांना पाठवावं की नाही? नातेवाईक आधीच 'कम्युनिटी कॉलेज? मार्क कमी पडले का?' असं विचारतात.

बोरूबहाद्दर

पाठवा हो. नातेवाइकांना सांगा, जिल बायडन व्हाइट हाउसमध्ये राहत असतानाही नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी शिकवायला जात होत्या.

कडूलिंब

माझी मागणी बदलतो. नावांची यादी राहू दे. कॉलेजला पत्र लिहितोय की बातमीपत्रात दर सत्राला तीन आकडे छापा: किती वर्ग कोणी शिकवले (पूर्णवेळ-अर्धवेळ), सत्राच्या तोंडावर किती रद्द झाले, किती रिकाम्या जागा भरणार. आणि ट्रान्सफरच्या तारखा पहिल्या पानावर. बोरूबहाद्दर, पुढच्या बैठकीला बोलायला येईन, दोन मिनिटांत बसवायला तुम्हीच शिकवा. तिरकी रेघ यांना हे तरी मान्य व्हावं.

तिरकी रेघ

रद्द वर्गांचा आकडा सोडून मान्य. तो छापला तर पुढच्या सत्रात लोक नाव नोंदवायलाच घाबरतील आणि आणखी वर्ग रद्द होतील.

कडूलिंब

तो आकडा लपवल्यामुळेच आमच्यासारखे पालक शेवटच्या आठवड्यात धावपळ करतात. इथे आपलं जमणार नाही.

सांडगी मिरची

तुमचं चालू द्या. वसंत सत्राचं वेळापत्रक आजच उघडलं. माझे दोन वर्ग ठरलेत. एकापुढे माझं नाव आहे, दुसऱ्यापुढे 'स्टाफ'. बहुधा ती मीच.