राजमा-टोमॅटोची कोशिंबीर: पाणी सुटतं, काय करू?

खादाड_लीड्स: ऑफिसातून आल्यावर पोळ्या लाटायचं त्राण नसतं. टिनमधला राजमा, टोमॅटो, कांदा कालवून जेवण भागवते. पण उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्यात नेलं की नुसतं तळं!

सुगरणकाकू: अगं, मीठ आयत्या वेळी घाल. टोमॅटोचा बियांचा गर काढून सारात टाक. दोन चमचे दाण्याचं कूट घाल, ते पाणी धरतं. वरून तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरचीची फोडणी, मग लिंबू, कोथिंबीर. दही नको, मग ती दुसरीच कोशिंबीर होते.

चवळीप्रेमी: ४०० ग्रॅमच्या टिनात निथळून साधारण २४० ग्रॅम राजमा निघतो, एकट्याला रग्गड. धुऊन घ्या, खारटपणा कमी होतो. कोरडा आणलात तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका आणि खळखळून उकळा. स्लो कुकरच्या मंद आचेवर अर्धकच्चा राहिला तर त्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनाने उलट्या होतात. मी चवळीच वापरतो. लवकर शिजते.

खादाड_लीड्स: काकू, कूट आहे! हिंग संपलाय, लसूण चालेल?

सुगरणकाकू: चालेल की. ठेचून घाल, जळू देऊ नकोस.