कॉन्फरन्समधल्या पोर्टफोलिओ रिव्ह्यूला काय न्यावं?

प्रश्न: ग्राफिक डिझायनर्सच्या कॉन्फरन्सला पहिल्यांदाच जातोय. रिव्ह्यूला, म्हणजे जाणत्यांना कामं दाखवून मत घ्यायला, 15 मिनिटं आहेत, कामं बहुतेक देवनागरीत. तयारी काय करू?

उत्तर १: आठ-दहा कामं पुरे, सगळ्यात भक्कम काम आधी. पीडीएफ टॅबवर उतरवूनच ठेवा. हॉलच्या वायफायचा भरवसा नको.

उत्तर २: पीडीएफ काढण्याआधी जोडाक्षरं तपासा. इनडिझाइनमध्ये (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) मजकूर साध्या कंपोझरवर (ओळी जुळवणारी सेटिंग) राहिला की ‘क्ष’ फुटतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. रिव्ह्यू करणाऱ्याची पहिली नजर तिथेच जाते! परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा.

उत्तर ३: व्हिजिटिंग कार्ड 300 जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटर वजन, ग्रॅममध्ये), पण मागची बाजू लॅमिनेशनशिवाय. चकचकीत कार्डावर पेन उठत नाही, आणि समोरच्याला तिथेच काहीतरी टिपायचं असतं. क्यूआर कोड 2 सेंमीपेक्षा लहान नको.