कोलिस्टिन कोंबडीच्या खाद्यातून काढलं ते बरंच झालं

प्लाझ्मिड_पुणेकर:
जुलै 2019 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोंबड्या, खाण्यासाठी पाळलेली जनावरं, मत्स्यशेती आणि पशुखाद्य यांच्यासाठी कोलिस्टिन हे प्रतिजैविक (बाकीची हरल्यावर माणसाला देतात ते) बनवायला-विकायला बंदी घातली. यावर अजून कुरकुर ऐकू येते. नेहमीचा युक्तिवाद असा की हे औषध जिवाणूचं आवरणच फोडतं, मग त्याला प्रतिकार येईलच कसा?

येतो. कोलिस्टिन हे लिपोपेप्टाइड, म्हणजे पेप्टाइडचं कडं आणि त्याला मेदाम्लाची शेपटी. कड्यावर धन भार. ग्रॅम-निगेटिव्ह (म्हणजे बाहेर आणखी एक पटल असलेल्या) जिवाणूच्या बाहेरच्या पटलात लिपिड ए नावाचे मेदाचे रेणू असतात आणि त्यांच्या फॉस्फेटवर ऋण भार. हे रेणू एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून मधे मॅग्नेशियम-कॅल्शियम बसलेलं असतं. कोलिस्टिन त्यांना हुसकावून स्वतः तिथे बसतं, शेपटी पटलात घुसवतं, पटल विस्कटतं. पुढे आतलं पटलही जातं आणि जिवाणू मरतो.

यातून वाचायला जिवाणूला नवं आवरण लागत नाही, ऋण भार कमी केला की भागतं. एमसीआर-1 हे जनुक नेमकं तेच करतं: फॉस्फेटला फॉस्फोइथॅनॉलअमाइन चिकटवतं, की कोलिस्टिनची पकड सुटली. चीनमधल्या संशोधकांनी हे जनुक 2015 मध्ये जाहीर केलं. सुरुवात डुकरातल्या ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूपासून. ते प्लाझ्मिडवर (जिवाणूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असल्यामुळे एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे आयतं जातं.

शेड_नंबर_दोन (सांगली):
वाचलं. पण खापर नेहमी आमच्याच डोक्यावर का? करारावरच्या ब्रॉयलरवाल्याला पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधही कंपनीचं. पोत्यात काय मिसळलंय ते आम्हाला कोण सांगत होतं? पहिल्या आठवड्यात मरतूक वाढली तर भरपाई आमच्याच हिशोबातून कापली जाते. बंदी घालणाऱ्यांनी पर्याय काय दिला?

रात्रपाळी_आयसीयू:
दोघांशीही थोडं भांडतो. पुणेकर, रेणूंचं वर्णन बरोबर, पण प्रतिकार कोंबडीकडूनच येतो या निष्कर्षावर उडी मारलीत. भारतातल्या रुग्णालयांत कोलिस्टिनला न जुमानणारी क्लेब्सिएला (हाही ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच) सापडते, तिच्यात एमसीआर क्वचितच असतं. बहुतेक वेळा तिचं स्वतःचंच एमजीआर-बी हे जनुक बिघडलेलं असतं. तो लगाम सुटला की जिवाणू लिपिड ए वर अमाइनो-साखर चढवत सुटतो आणि भार पुन्हा कमी होतो. हे कोंबडीकडून आलेलं नाही, आमच्या वॉर्डात औषधाच्या दबावाखाली घडलेलं आहे.

आणि आम्ही ते वापरतो तरी कसं? किडनीला त्रास होतो म्हणून 1970-80 च्या काळात बाजूला पडलेलं औषध कार्बापेनेम ही ताकदवान प्रतिजैविकं निकामी व्हायला लागल्यावर परत काढलं. डोस कमी पडला तर जिवाणू उरतात, वाढवला तर क्रिएटिनिन (रक्तातली किडनीच्या बिघाडाची खूण) चढतं. त्यात कितीतरी लॅब अजून जिवाणूंवर औषधाची डिस्क (चकती) लावून, भोवती किती वर्तुळात ते मेले ते बघून रिपोर्ट देतात. हा रेणू मोठा, अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) नीट पसरतच नाही, त्यामुळे त्या वर्तुळावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या द्रवात जिवाणू वाढतो का ते बघणं) करायला हवं.

प्लाझ्मिड_पुणेकर:
एमजीआर-बीचं मान्य. पण म्हणूनच बंदी हवी, असं मी म्हणतो. ते बिघाड त्या-त्या जिवाणूच्या वंशात राहतात, प्लाझ्मिड जातीची वेस ओलांडतं. आज वॉर्डात एमसीआर कमी आहे, तर ते येईपर्यंत वाट बघायची का? चीनने 2017 मध्ये वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणं थांबवलं आणि त्यानंतर जनावरांत आणि माणसांतही एमसीआर-1 चं प्रमाण घटलेलं दिसलं. म्हणजे नळ बंद केल्याचा उपयोग होतो.

कुतूहल_कोल्हापूर:
एवढी काटकसर कशाला? डॅप्टोमायसिन हेही लिपोपेप्टाइडच ना? ते वापरा.

रात्रपाळी_आयसीयू:
नाही चालणार. ते ग्रॅम-पॉझिटिव्ह (बाहेरचं पटल नसलेल्या) जिवाणूंसाठी, एमआरएसए (बऱ्याच प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकोकस) वगैरे. कॅल्शियमच्या मदतीने पेशीपटलात शिरतं, पण क्लेब्सिएलाचं बाहेरचं पटल त्याला ओलांडता येत नाही. न्यूमोनियात तर एमआरएसएलाही देत नाही, कारण फुफ्फुसातलं सर्फॅक्टंटच (आतला स्निग्ध थर) त्याला अडकवून ठेवतं. नाव एका गटाचं असलं तरी कामं वेगळी.

शेड_नंबर_दोन (सांगली):
बरं, नळ आमचा बंद झाला. आता रात्रपाळी साहेबांनीच सांगितलंय की तुमच्या वॉर्डातला चालूच आहे. कल्चरचा (कोणता जिवाणू आहे ते सांगणारा) रिपोर्ट यायच्या आधी कोलिस्टिन लावायचं नाही, असा सरकारी आदेश काढा म्हटलं तर डॉक्टर मंडळी मानतील?

रात्रपाळी_आयसीयू:
सरसकट आदेश काढलात तर माणसं मरतील. सेप्सिसमध्ये (संसर्गाने अंगभर बिघाड झाल्यावर) कल्चरची वाट बघत दोन दिवस बसता येत नाही. आधी लावायचं, रिपोर्ट आला की गरज नसेल तर काढायचं. यातलं काढायचं राहून जातं, हे मात्र कबूल.

प्लाझ्मिड_पुणेकर:
मग 'काढायचं' याच्यावर लक्ष ठेवणारा माणूस किती रुग्णालयांत आहे? धागा त्याच्यावरच पुढे नेऊ.