आधी नवऱ्याची तपासणी करा, मग पोरींच्या शिक्षणावर बोला

लॅबवाली (जि. यवतमाळ)

‘पांढरं सोनं’ भाऊंची कालची पोस्ट वाचली. गावोगावी टेस्ट ट्यूब बेबीचे बोर्ड लागले, त्याला म्हणे पोरीच जबाबदार. शिकत बसतात, तिशीपर्यंत लग्न करत नाहीत, मॅगी खातात, पीसीओडी (बीजकोशाचा विकार) होतो, आणि मग सासऱ्याचं वावर विकावं लागतं. खाली नुसते अंगठे. एकानंही विचारलं नाही की नवऱ्याची तपासणी झाली का.

मी तालुक्याला लॅबमध्ये काम करते. बाईची फाईल येते ती जाडजूड. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच अशा रक्ताच्या तपासण्या, दर महिन्याची बीज पाहायची सोनोग्राफी, एखादीची दुर्बीणसुद्धा झालेली. त्याच फाईलीत नवऱ्याच्या वीर्य तपासणीची चिठ्ठी चुरगाळलेली सापडते. ‘नंतर पाहू’ म्हणून राहून गेलेली. ना सुई, ना भूल, आणि या सगळ्यात सर्वांत स्वस्त. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईच्या कारणासोबत. हे काही मी शोधून काढलेलं नाही.

आणि आलेच तपासायला तर कसे? धाकट्या भावाच्या हाती गावाहून मोटरसायकलवर बाटली पाठवतात, लोणच्याची, साबणानं धुतलेली. अहो, नमुना तासाभरात काचेखाली यावा लागतो. त्याआधी दोन ते सात दिवस संबंधाचा परहेज लागतो, तो कोणी पाळत नाही. लॅबच्या खोलीत जायची लाज वाटते. आणि त्याच माणसाची बायको त्याच सकाळी ट्यूब टेस्टच्या (गर्भनलिका उघड्या आहेत का ते पाहायच्या) टेबलावर कळवळून आलेली असते.

वयाचं म्हणाल तर माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक जणी बावीस-चोविशीच्या. लग्नाला दोन दिवाळ्या झाल्या की सासू हाताला धरून आणते. पीसीओडी मॅगीनं होत नाही. घराण्यात असतो, इन्सुलिनचा घोळ असतो, वजन वाढलं की बळावतो. त्यात बीज वेळेवर फुटत नाही एवढंच, आणि लेट्रोझोलच्या गोळ्यांनी कितीतरी जणींना दिवस राहतात. पीसीओडीपायी वावर विकायची पाळी सहसा येत नाही.

पांढरं सोनं

ताई, तुम्ही लॅबमधी बसून पायता, मी गाव पायतो. माह्या पुतण्याले पस्तीस वर्स झाले. दहा एकर, त्यातलं चार ओलिताचं. पोरगी भेटून नाई राह्यली. पोरीच्या मायले पुण्याचा नोकरीवाला पाह्यजे, कास्तकार नोको. आता पोराचं लगन चाळिशीत झालं तर लेकरू कवा होईन? ह्या शिक्षनानंच वाटोळं केलं ना? पयले अठराव्या वर्सी लगन, विसाव्या वर्सी पोरगं, आन् असले रोगच नव्हते.

लॅबवाली

म्हणजे उशीर पुतण्याचा झाला आणि पोस्ट पोरींवर लिहिली. छान.

नर्सबाई (मेळघाट)

‘असले रोगच नव्हते’ यावर बोलते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. रोग होते भाऊ, पाहायला कोणी गेलं नव्हतं. अंगावर पांढरं जातं हे सांगायचं कोणाला?

ऑरेंज सिटी

मुद्द्याचं कोणीच बोलत नाही. खर्रा! नागपूरपासून गडचिरोलीपर्यंत अर्ध्या गड्यांच्या तोंडात दिवसभर सुपारी-तंबाखू-चुना. तंबाखूनं शुक्रजंतू कमी होतात, त्यांची चाल मंदावते, हे कधीचं सिद्ध झालंय. पानठेले बंद करा, निम्मे टेस्ट ट्यूबवाले उपाशी मरतील.

झाडीपट्टी

ऐका ना जी. माह्या आज्यानं जनमभर तंबाखू खाल्ली, आठ लेकरं झाली. तुमचा अभ्यास त्याले कोनी सांगितला नाई वाटते.

ऑरेंज सिटी

तुमच्या आज्यानं पन्नीत घोटलेला खर्रा दिवसाला दहा वेळा खाल्ला होता का? आणि आठ झाली म्हणता, जगली किती ते सांगा.

झाडीपट्टी

लेकरांवर जाऊ नका, सांगून ठेवतो. नागपुरात एसीत बसून बोलनं सोपं हाय. धानाच्या रोवनीत दिवसभर चिखलात वाकून पाहा, मग कळन खर्रा काऊन लागते. भूक मारते, झोप मारते. आन् बायाही खातेत, त्याहीचं नाव घ्या ना.

नर्सबाई (मेळघाट)

घेते की. बायाही खातात, पोटुशी असताना खातात, आणि मग लेकरू कमी वजनाचं येतं. त्यात अभिमान कसला?

ऑरेंज सिटी

गुटखाबंदी २०१२ ला झाली. गुटखा गेला का? नाही. खर्रा मात्र समोर घोटून मिळतो. यावर मी तीनदा निवेदन दिलंय. तहसीलदार ते हातात घेतात तेव्हा त्यांच्याच तोंडात...

लॅबवाली

दादा, तुमचं निवेदन वेगळ्या धाग्यावर लावा. पण खर्रा सोडणाऱ्यांसाठी एक सांगते. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. आठ दिवस सोडून माझ्याकडं येतात आणि ‘रिपोर्टात फरक नाही’ म्हणून पुन्हा पुडी काढतात. तीन महिने सोडा, मग या. मोठा ताप येऊन गेला असेल तरी हेच.

झाडीपट्टी

तीन महिने! त्यापेक्षा वावर विकनं सोपं.

कृषीमित्र (जि. यवतमाळ)

खर्ऱ्याच्या नादात फवारणी विसरले सगळे. २०१७ ला आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना माणसं मेली, तेव्हा देशाला कळलं की आम्ही उघड्या अंगानं, चपलेवर फवारतो. अमेरिकेत १९७७ साली डीबीसीपी हे शेतीचं कीडनाशक बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना लेकरं होत नाहीत हे उघड झालं, तेव्हा कुठं ते औषध बंद झालं. आमच्या गड्यांचं कोणी मोजलं?

ऑरेंज सिटी

ते औषध आपल्या कपाशीवर नव्हतं. एकावरून सगळ्यांना लावू नका.

कृषीमित्र

मी तेच म्हणतो, मोजा. मास्क-हातमोजे घाला म्हणून कृषी सेवा केंद्रवाला सांगतो, विकत मात्र ठेवत नाही. आणि मे महिन्यात ब्रम्हपुरीला ४७ डिग्रीत टिनाच्या घरात झोपणाऱ्या माणसाचं काय होतं, तेही मोजा. अंडकोषाचं तापमान शरीरापेक्षा कमीच लागतं, म्हणून तर देवानं ते बाहेर ठेवलं.

झाडीपट्टी

आता उन्हानं बी लेकरं होत नाई म्हना. मंग आमच्या चंद्रपुरात मानसं कुठून आली?

वाशीमची सून

खर्रा संपला असेल तर मी लिहू?

माझं लग्न एकविसाव्या वर्षी झालं, बारावी झाल्यावर. तेव्हा उशिराचा आरोप माझ्यावर नको. पाळी हळूहळू कमी होत गेली, शेवटी नुसता डाग पडायचा. सासूबाईंनी शेगावला नवस बोलला. मग कोणीतरी सांगितलं म्हणून एका भगताकडं नेलं, अंगारा लावला. मग एका डॉक्टरांकडं महिन्यामागून महिना बीज वाढायची इंजेक्शनं. ट्यूब पाहावी असं कोणाच्या मनात आलं नाही. खूप पुढं नागपूरला ट्यूब टेस्ट झाली, दोन्ही बंद. गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासला तर टीबी. मला ना खोकला, ना ताप. पिशवीला टीबी होतो हेच माहीत नव्हतं. सहा महिने सरकारी गोळ्या घेतल्या, फुकट मिळाल्या. टीबी गेला, ट्यूब उघडल्या नाहीत.

घरात कळलं तसं माझं ताट वेगळं झालं. हा टीबी एका ताटात जेवल्यानं लागत नाही, हे नवऱ्यानं आईला सांगायला पाहिजे होतं. तो गप्प.

त्याची तपासणी ट्यूब टेस्टनंतर झाली. नॉर्मल. तेव्हा लॅबवाली ताई, तुमचं ‘आधी नवऱ्याची’ आमच्याकडं पहिल्याच वर्षी झालं असतं, तर पहिल्याच वर्षापासून सगळं माझ्यावर आलं असतं. तुम्हाला वाटतं तेवढं हे सोपं नाही.

लॅबवाली

बाई, सोपं नाही हे कबूल. तरी मी म्हणेन पहिल्याच वर्षी व्हायला हवी होती. नवऱ्याचं नॉर्मल, पाळी घटतेय, एवढं समोर असतं तर डॉक्टरांना ट्यूबकडं आणि टीबीकडं पाहणं भाग होतं. इंजेक्शनांचे ते महिने वाचले असते. ताटाचं काय करायचं, ते माझ्या लॅबमध्ये तपासता येत नाही.

नर्सबाई (मेळघाट)

भगताचं निघालं म्हणून सांगते. दैवी शक्तीनं मूल देतो म्हणून बाईशी संबंध ठेवणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. एकटीला ‘आत पूजा आहे’ म्हणून बोलावलं तर तिथूनच परत फिरा.

पांढरं सोनं

वाशीमच्या ताईचं वाचलं. वाईट झालं. पन शेवटी मी म्हनलो थेच ना? ट्यूब बंद म्हंजे टेस्ट ट्यूब, टेस्ट ट्यूब म्हंजे वावर.

ऑरेंज सिटी

हे मात्र बरोबर बोललात, पहिल्यांदाच. एका खेपेला लाख-दोन लाख जातात, आयुष्मान कार्डात हे बसत नाही. गोव्यात २०२३ पासून सरकारी मेडिकल कॉलेजात मोफत करतात. आपल्याकडं टेस्ट ट्यूबवाल्यांच्या शिबिराचा मंडप तेवढा मोफत.

लॅबवाली

आणि पैसे भरले की लेकरू आलंच, असं नाही. तरुण बाईलासुद्धा एका खेपेत राहण्याची शक्यता फार तर तीनात एक धरा. पस्तिशीनंतर ती घसरत जाते. शिबिराला जा, पण दोघं जा. २०२१ च्या कायद्याप्रमाणं सेंटरची नोंदणी असावी लागते, तो नंबर मागा. मंडपातच आगाऊ रक्कम मागितली तर उठून या.

पांढरं सोनं

आता तुम्हीच पस्तिशीचं म्हनलं! वय मोजते म्हंजे मोजते. कालपासून मी दुसरं काय बोंबलून राह्यलो?

लॅबवाली

मोजतं. पस्तिशीनंतर मोजतं, बाईचं जास्त, गड्याचंही थोडं. तुम्ही पंचविशीतल्या पोरींना शिव्या घातल्या.

पांढरं सोनं

बरं, नवऱ्याची तपासनी आधी, हे मी मानतो. पोरीनं तिशीच्या आत लगन करावं, हे तुम्ही माना.

लॅबवाली

तुमच्या पुतण्याचा रिपोर्ट घेऊन या, मग मानण्याचं पाहू.

पांढरं सोनं

त्याचं लगन तर होऊ द्या बाई!

झाडीपट्टी

पुतन्या खर्रा खाते का, थे कोनी विचारलंच नाई.