मदत हवी आहे: लॅब प्रोटोकॉल (प्रयोगाची पायरीवार कृती) वाचायला बाहेरची लायब्ररी मिळेल का?

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीची, एमएस्सी बायोटेक दुसरं वर्ष. प्रोजेक्टसाठी तिवराच्या पानांतून डीएनए काढतेय, सीटॅब पद्धतीने (पेशी फोडायला सीटॅब नावाचं रसायन वापरतात), आणि तीनदा करून झालं तरी पेलेट (नळीच्या तळाला बसणारा डीएनएचा गोळा) तपकिरी आणि चिकट, पिपेटच्या टोकाला चिकटून वर येतो, त्यामुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पायरी) पण होत नाहीये. मॅडम म्हणाल्या पॉलिफेनॉल (पानातली तपकिरी रंग आणणारी द्रव्यं) जात नाहीयेत, करंट प्रोटोकॉल्स आणि कोल्ड स्प्रिंग हार्बर या जर्नल्समधले प्रोटोकॉल बघ. पण उघडायला गेलं की पैसे मागतात. वन नेशन वन सबस्क्रिप्शन (जर्नल्स वाचायला देणारी सरकारी योजना) १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं पण ते सरकारी संस्थांना, आमचं कॉलेज खाजगी विनाअनुदानित. प्रोटोकॉल्स डॉट आयओ आणि बायो-प्रोटोकॉल फुकट आहेत, ते चाळलेत, पण पीव्हीपी (पॉलिफेनॉल काढायला घालतात ते रसायन) किती घालायचं ते प्रत्येकात वेगळं.

ठाणे-नवी मुंबईत, नाहीतर कलिन्याला मुंबई विद्यापीठात, बाहेरच्या विद्यार्थ्याला लायब्ररीत बसून वाचू देतात का? प्राचार्यांचं पत्र लागतं की आयकार्ड चालतं? कोणी स्वतः गेलं असेल तर प्लीज सांगा. आणि कांदळवनाच्या पानांवर कोणी काम केलं असेल तर तेही सांगा, पुढच्या महिन्यात सबमिशन आहे आणि खरंच टेन्शन आलंय.